भिंतीवरून आलेला न्याय

"सर, बॅटमॅन चोरांकू पकडता, फिर पुलिस उसके पीछे कायकू लगती?"

हा प्रश्न सातवीतल्या एका मुलाचा. मी शिरूर अनंतपाळमध्ये उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. आमची मुले घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, बाजारात मराठीत भाव करतात आणि मोबाईलवर इंग्रजी चित्रपट हिंदी आवाजात पाहतात. वर्गातल्या निम्म्या वह्यांच्या मागच्या पानावर वटवाघळाचे चित्र असते. त्या दिवशी मी फळा पुसत होतो. मागे वळून न बघताच म्हणालो, "पिक्चर है बेटा, पिक्चर में ऐसाच रहता." मुले हसली, घंटा झाली, विषय संपला.

पण प्रश्न संपला नव्हता. न्याय कुणी करावा आणि तो करताना त्याचा चेहरा दिसावा की नाही, हा मोठमोठ्यांना पडलेला प्रश्न त्या मुलाने एका वाक्यात विचारला होता. मी तो टाळला. टाळण्यामागे कारण होते आणि ते माझ्याच वर्गात घडलेले होते. ते पुढे सांगतो. आधी चित्रपटाविषयी.

बॅटमॅन हे पात्र १९३९ साली अमेरिकेतल्या एका कॉमिक मासिकात जन्माला आले. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे कर्ते. आई-वडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला एक श्रीमंत मुलगा मोठा होतो आणि रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांना झोडपतो, एवढीच मूळ कथा. बरीच वर्षे ती मुलांची करमणूक होती. १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांनी त्याच नायकाला वयस्कर, कडवट आणि हिंसक करून दाखवले आणि त्यानंतर या कथांमध्ये अंधार दाटत गेला. २००८ मध्ये क्रिस्तोफर नोलन यांचा 'द डार्क नाइट' आला. मी तेव्हा लातूरला शिकत होतो. मित्राच्या खोलीवर सीडी लावून आम्ही सात-आठ जणांनी तो पाहिला. आम्हाला अर्थातच जोकर आवडला. ती भूमिका करणारा हीथ लेजर चित्रपट झळकण्यापूर्वीच वारला आणि त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाले, याचीही आम्ही चर्चा केली. न्यायाची चर्चा कुणी केली नाही.

मुलाच्या प्रश्नानंतर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला. या वेळी वेगळ्याच तीन जागी अडलो.

पहिली जागा अशी. जोकर सापडत नाही, तेव्हा बॅटमॅन शहरातल्या प्रत्येक माणसाच्या मोबाईलला स्वतःचा कान आणि डोळा बनवतो. कुणाला न विचारता. त्याचा जुना सहकारी लुशियस फॉक्स हे यंत्र पाहून हादरतो. एका माणसाच्या हाती एवढी सत्ता असणे चूक आहे, असे तो स्पष्ट सांगतो. या एका वेळेपुरती मदत करीन, पण हे यंत्र इथे राहिले तर मी राहणार नाही, असेही बजावतो. काम झाल्यावर यंत्र नष्ट होते आणि प्रेक्षक सुस्कारा सोडतो. मला मात्र वाटले, यंत्र नष्ट होईल याची हमी कुणाची होती? फक्त बॅटमॅनच्या सद्हेतूची. शहराला तर आपल्या घरात कुणी कान लावला होता हे कधी कळलेच नाही.

दुसरी जागा शेवटची. हार्वी डेंट हा प्रामाणिक सरकारी वकील सूडाने वेडा होऊन खुनी बनतो. लोकांचा चांगुलपणावरचा विश्वास उडू नये म्हणून पोलीस अधिकारी गॉर्डन आणि बॅटमॅन मिळून हे सत्य गाडून टाकतात आणि बॅटमॅन खुनांचा आळ स्वतःवर घेतो. त्या मुलाच्या प्रश्नाचे चित्रपटातले उत्तर हे आहे. पोलीस त्याच्या मागे लागतात ते या खोट्यामुळे. पहिल्यांदा पाहताना त्या त्यागाने माझे डोळे भरून आले होते. पण २०१२ मध्ये आलेल्या पुढच्या भागात याच खोट्याच्या पायावर एक कडक कायदा उभा असतो, माणसे तुरुंगात खितपत असतात, आणि खोटे उघडे पडते तेव्हा सगळा डोलारा कोसळतो. म्हणजे दिग्दर्शकालाही तो त्याग पुरला नाही.

तिसरी जागा दोन बोटींची. एका बोटीत साधे नागरिक, दुसरीत बेड्या घातलेले कैदी. जोकरने प्रत्येक बोटीला दुसरी बोट उडवण्याचे बटण दिले आहे. मध्यरात्रीपर्यंत कुणीच ते दाबले नाही तर तो दोन्ही उडवणार. नागरिक चिठ्ठ्या टाकून मतदान करतात. बहुमत होते ते कैद्यांना उडवण्याच्या बाजूने. पण आता बटण दाबायचे कुणी? एक गृहस्थ तावातावाने पुढे येतो, बटण हातात घेतो, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळतात, आणि तो ते तसेच खाली ठेवतो. दुसऱ्या बोटीत एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून बटण मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो.

या प्रसंगातला बारकावा पाहा. चिठ्ठीच्या आड लपलेला हात माणसे मारायला तयार होता. तोच हात उजेडात आला आणि थांबला. पूर्ण चित्रपटातले सर्वांत मोठे कृत्य मुखवटेवाला करत नाही. ते एक कैदी करतो. त्याचा चेहरा उघडा आहे आणि हातात बेड्या आहेत.

हे सगळे परदेशातले झाले असे कुणी म्हणेल. आपल्याकडेही हा मुखवटा आहेच. लहानपणी आम्ही रुपया भाड्याने राज कॉमिक्स आणायचो. त्यातला डोगा मुंबईच्या रस्त्यांवर कुत्र्याचा मुखवटा घालून, बंदूक घेऊन फिरायचा. बॅटमॅन जीव घेत नाही. डोगाला अशी अडचण नव्हती. २००५ मध्ये निशिकांत कामत यांनी 'डोंबिवली फास्ट' केला. त्यातला माधव आपटे हा बँकेतला कर्मचारी एक दिवस फुटतो आणि बॅट घेऊन भ्रष्टाचाऱ्यांवर तुटून पडतो. त्याला मुखवटा नाही, पैसा नाही, गुहेतली गाडी नाही. त्याचा शेवट लोकलच्या डब्यात गोळीने होतो. आणि १ जून २०१८ रोजी विक्रमादित्य मोटवाने यांचा 'भावेश जोशी सुपरहीरो' आला. त्यात मुंबईची पोरे कागदी पिशवीला डोळ्यांची भोके पाडून मुखवटा करतात. त्यांची लढाई पालिकेच्या जलवाहिनीतून पाणी चोरून टँकरने विकणाऱ्यांशी आहे. भावेश मारला जातो आणि त्याचा मित्र तो मुखवटा चढवतो. यातल्या पाणीचोर पुढाऱ्याचे काम केले आहे ते 'डोंबिवली फास्ट'च्याच निशिकांत कामत यांनी.

लातूर जिल्ह्यातल्या माणसाने हा चित्रपट कोरडेपणाने पाहणे शक्य नाही. २०१६ चा उन्हाळा आम्ही विसरलेलो नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते, लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. म्हणून पडद्यावर पाणीचोराला मार बसताना माझी मूठ आपोआप आवळली. कायदा, पुरावा, साक्षीदार यांतले काहीही मला त्या क्षणी नको होते. हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता माझ्या वर्गातली गोष्ट.

उदगीरच्या किल्ल्यावर सहल न्यायची होती. वर्गणीचे पैसे मॉनिटरच्या कंपासपेटीत जमा होत होते. एक दिवस त्यातले साडेबाराशे रुपये गेले. मुले एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. मुख्याध्यापकांना सांगावे, पालकांना बोलवावे, वर्गाला विश्वासात घ्यावे, असे सगळे मार्ग होते. मला त्यापेक्षा झटपट मार्ग सुचला. खेळाच्या तासाला सगळी मुले मैदानावर गेल्यावर मी वर्गाचे दार आतून लावले आणि एकेक दप्तर उघडू लागलो.

दप्तरात काय काय असते! एकात अर्धी भाकरी आणि मिरची, बहुधा संध्याकाळसाठी राखलेली. एकात आईच्या औषधाची चिठ्ठी. एकात थोरल्या बहिणीची जुनी वही, तिचे नाव खोडून त्यावर याने आपले लिहिलेले. एकात तुटक्या चपलेचा अंगठा, सुतळीने बांधून ठेवलेला. मुलांनी मला यातले काही कधी सांगितले नव्हते. सांगायचे असते तर सांगितले असते. मुलींच्या रांगेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, एकोणिसाव्या दप्तरात, गणिताच्या वहीत घडी घातलेल्या नोटा सापडल्या.

मी नोटा तशाच ठेवल्या. वर्ग भरल्यावर त्या मुलाला उभे केले आणि म्हणालो, "गणित की कापी निकाल." त्याचा चेहरा पांढरा पडला. वर्ग अवाक् झाला. कुणीतरी विचारले, "सर, आपकू कैसे मालूम?" मी म्हणालो, "मुझे सब मालूम रहता." त्या दिवशी मी घरी गेलो तो बॅटमॅन होऊनच.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेत येईना. आणि मधल्या सुट्टीत मी एक विचित्र दृश्य पाहिले. सगळी मुले पाठीवर दप्तर घेऊन मैदानावर खेळत होती. कबड्डी खेळणारे दप्तरे एका जागी ठेवत आणि एकाला राखणीला बसवत. मी काही सांगितले नव्हते, पण मुलांना सगळे कळले होते. माझा निर्णय बरोबर होता, चोर खरा होता, पैसे परत मिळाले होते. तरी वर्गात काहीतरी मोडले होते.

याच दिवसांत हजरत उमर (रजि.) यांची एक जुनी रिवायत आठवली. इमाम गझाली यांच्या 'इह्या'तही ती येते. हजरत उमर रात्री मदिनेत गस्त घालत. एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले. आत एक माणूस, एक स्त्री आणि मद्य. खलिफांनी त्याला खडसावले. तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, घाई करू नका. मी अल्लाहची एक आज्ञा मोडली असेल, तुम्ही तीन मोडल्या. लोकांची टेहळणी करू नका असा हुकूम आहे, तुम्ही टेहळणी केली. घरात दारातून या असा हुकूम आहे, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगी घेऊन, सलाम करून प्रवेश करा असा हुकूम आहे, तुम्ही दोन्ही केले नाही. हजरत उमर यांनी त्याला विचारले, मी माफ केले तर सुधारशील का? तो हो म्हणाला, आणि ते निघून गेले.

लहानपणी वाजमध्ये ही गोष्ट ऐकताना आम्ही त्या माणसाच्या हजरजबाबीपणावर खूश व्हायचो. आता मला तिच्यात वेगळेच दिसते. तो माणूस दोषी होता. त्याच्याविरुद्धचा पुरावा समोर होता. तरीही पुराव्यापर्यंत पोहोचण्याची वाट चुकीची ठरली. आणि दुसरे असे की, त्या माणसाला उलटून बोलता आले, कारण समोर उभा असलेला कोण आहे हे त्याला माहीत होते. खलिफांच्या तोंडावर मुखवटा नव्हता. मुखवटेवाल्याला कुणी म्हणू शकत नाही की तूही तीन आज्ञा मोडल्यास. कुणाला म्हणणार? माझ्या त्या विद्यार्थ्यालाही म्हणता आले नाही, कारण मला सगळे कसे ठाऊक झाले हे मी लपवले होते.

मुखवटा केवळ कापडाचा नसतो. 'भावेश जोशी' झळकला त्याला बरोबर एक महिना झाला, तेव्हा, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. मारणाऱ्या प्रत्येकाला वाटत असणार की आपण लेकरांना वाचवतो आहोत. त्या दिवशी तिथे सगळेच सुपरहीरो होते. हजार चेहरे असले की एकही चेहरा उरत नाही. गर्दी हाच मुखवटा होतो. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हिंसेविषयी सरकारांना सविस्तर निर्देश दिले. गेल्या काही वर्षांत अशा झुंडींनी कुणाकुणाला गाठले, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही.

आता यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. कायदा उशिरा पोहोचतो. काहींच्या दारी तो पोहोचतच नाही. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्यात नावे होती, घटना होत्या. त्यानंतर शिक्षा किती जणांना झाली, हे आपण जाणतो. ज्याने हे सोसले त्याने डोगाच्या बंदुकीचे स्वप्न पाहिले तर त्याला दोष कसा द्यायचा?

मी दोष देत नाही. फक्त एवढे सांगतो की मुखवटा सर्वांना सारखा परवडत नाही. गॉथम शहरात तो अब्जाधीशाकडे आहे. माधव आपटेकडे तो नव्हता, म्हणून तो मेला. भावेशकडे कागदी पिशवी होती, तोही मेला. कायद्याबाहेरचा न्याय एकदा मान्य केला की जो बलवान तोच न्यायाधीश होतो, आणि बलवान कोण आहे हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. दुबळ्याने पडद्यावरच्या मुखवट्यासाठी वाजवलेली टाळी उद्या त्याच्याच दारावरच्या थापेला बळ देते. म्हणून कायदा कितीही रखडला तरी तो उघड्या चेहऱ्याने, नाव लावून, साक्षीदारांसह चालावा हा आग्रह सर्वांत जास्त आपलाच असायला हवा.

मग गुप्तपणाला काहीच जागा नाही का? आहे. त्याच हजरत उमर यांची दुसरी गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत त्यांना भुकेली लेकरे रडताना दिसली. आईने चुलीवर नुसते भांडे चढवून त्यांची समजूत काढली होती. खलिफांनी पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर वाहून आणले आणि स्वतः चूल फुंकली. ते कोण हे त्या बाईला माहीत नव्हते. इथे अनोळखी राहणे शोभून दिसते. सदका उजव्या हाताने द्यावा तो डाव्या हाताला कळू नये, ही आपली शिकवण. दोन गोष्टींतली रात्र एकच, माणूसही एकच. एकीत तो द्यायला गेला, दुसरीत पकडायला. मला यातून एवढेच उमगले की देणारा हात लपलेला चालतो. मारणारा हात मात्र उघडाच हवा.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याला आतून धुऊन काढल्या होत्या. त्या कुणी घासल्या, मिरजेला नळ कुणी जोडले, रात्री गाडी कुणी हाकली, त्यांची नावे आम्हा लातूरकरांना माहीत नाहीत. पाणी मात्र आम्ही प्यायलो.

बाराव्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो निलंग्याला मामाच्या गॅरेजवर लागला होता, जुम्म्याला घरी आलेला. मी दारावर थांबलो, सलाम केला, आत येऊ का म्हणून विचारले. वडील मजुरी करतात. गडबडून खुर्ची शोधू लागले. मी मुलाला त्यांच्यासमोर सांगितले की पैसे घेतलेस ही तुझी चूक. तुझे दप्तर तुला न विचारता उघडले आणि तुला सगळ्यांसमोर उभे केले ही माझी. तो काही बोलला नाही. वडील म्हणाले, "सर, आप आये, बस है." सोमवारी तो शाळेत आला.

मग मी वर्गालाही सगळे सांगितले. दार लावल्याचे, दप्तरे उघडल्याचे, खोटी ऐट मिरवल्याचे. बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी बॅटमॅनचा प्रश्न विचारणारा तोच मुलगा उठला. "फिर सर, आपकू सजा कौन देंगा?"

"तुम बोलो," मी म्हणालो.

वर्गात दहा मिनिटे गलका झाला. ठरले ते असे : सरांनी एक आठवडा आपली बॅग टेबलावर उघडी ठेवायची.

मी ठेवली. डबा, गोळ्या, घरातल्यांचा एक जुना फोटो, उधारीची चिठ्ठी, सगळे त्यात होते. मी वर्गाबाहेर जायचो, मुद्दाम उशिरा परत यायचो. आठवडाभरात एकाही मुलाने आत डोकावून पाहिल्याचे मला दिसले नाही. दप्तरे आता पुन्हा वर्गात राहू लागली आहेत. दोघे-तिघे मात्र अजून ती मैदानावर नेतात. मी त्यांना काही म्हणत नाही.